मुलाचा पत्ता कोणता?

लग्न जमवताना आपण किती गोष्टी बघतो! पत्रिका, पगार, घर स्वतःचे की भाड्याचे, घरात माणसे किती. आपल्या सीमाभागात त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते : घरात बोलायला मराठी की कन्नड? एवढे विचारून झाले की मंडळी चहाला बसतात. मुलगी दुसऱ्या राज्यात चालली आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. निपाणीची लेक कागलला दिली तर ती 'परराज्यात' गेली असे आपण कधी म्हणतो का? सणाला यायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी आई जाऊन भेटून येते. राज्याची सीमा मधे आहे हे आठवते ते कोगनोळीच्या नाक्यावर, तेही गाडी थांबली तर.

पण संसार मोडला आणि मुले कोणाकडे राहणार हा प्रश्न आला, की हीच सीमा भिंतीसारखी उभी राहते. आज त्याविषयी बोलायचे आहे. विषय कडू आहे. पण आपल्याकडची निम्मी घरे दोन राज्यांत पसरलेली असताना तो टाळून कसे चालेल?

माझे माहेर मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला होते. घरात मराठी, शेजारी पोवारी, शाळेत हिंदी असे आम्ही वाढलो, आणि लग्न होऊन इकडे आल्यावर सासूबाईंनी मला कन्नड शिकवली. बालाघाटहून महाराष्ट्रातले गोंदिया चाळीसेक किलोमीटर. लहानपणी छोट्या लाइनच्या गाडीने आम्ही दिवाळीचे कापड आणायला गोंदियाला जात असू. 'राज्याबाहेर चाललो' असे तेव्हा कोणी म्हणत नसे.

म्हणायचे तरी का? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. त्याचा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. आता गंमत बघा. ज्या दिवशी बालाघाट आणि भंडारा वेगळे झाले, त्याच दिवशी आपले बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. हजार किलोमीटर अंतरावरच्या या दोन सीमा एकाच दिवशी आखल्या गेल्या. वैनगंगा बालाघाटवरून महाराष्ट्रात उतरते, दूधगंगा कोल्हापूरकडून कर्नाटकात येते. नद्यांना कोणी दाखला मागत नाही. माणसांच्या दाव्यांना मात्र मागतात.

ते कसे, ते साध्या उदाहरणाने सांगते. बालाघाटच्या न्यायालयात चाललेला कौटुंबिक दावा सिवनीला हलवायचा असेल तर जबलपूरचे उच्च न्यायालय तसा हुकूम देऊ शकते. सिवनी गोंदियापेक्षा लांब. पण तोच दावा शेजारच्या गोंदियाला न्यायचा असेल तर जबलपूरला तो अधिकार नाही आणि नागपूर खंडपीठालाही नाही. त्यासाठी दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. आपल्याकडेही तेच. चिकोडीचा दावा थेट बीदरला न्यायचा तर कर्नाटक उच्च न्यायालय पुरेसे आहे. कागलला न्यायचा तर दिल्ली. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, धारवाडला कर्नाटकाचे खंडपीठ आहेच. पण दोन्ही मिळूनही एक फाईल नाक्यापलीकडे सरकवू शकत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्वच्छ सांगून टाकले. योगायोग असा, की ते प्रकरणही मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यातलेच होते. नवऱ्याने उज्जैनला घातलेला दावा महाराष्ट्रातल्या बायकोच्या सोयीसाठी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने महाराष्ट्रात हलवला होता. तो हुकूम टिकला नाही. राज्याबाहेर दावा हलवण्याचा अधिकार दिवाणी संहितेच्या कलम २५ प्रमाणे एकट्या सर्वोच्च न्यायालयाचा, असे ठरले. परिणाम काय झाला असेल त्याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये वैवाहिक दावे हलवण्याचे सुमारे तीन हजार अर्ज सर्वोच्च न्यायालयात पडून होते, आणि प्रत्येक खंडपीठाने रोज असे दहा अर्ज ऐकावेत असे तेव्हा ठरवावे लागले.

आता या तीन हजार अर्जांमागे किती मुले असतील, याचा विचार करा. अर्ज पडून राहतो, पण मूल पडून राहत नाही. ते वाढत असते.

माहेरच्या ओळखीतले एक घर सांगते. कोणाची ओळख पटू नये म्हणून नाव, गाव, धंदा काहीच सांगत नाही. मुलगा बालाघाटकडचा, सून आपल्या भागातली, कन्नड घरातली. दोन मुले. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. घरी मराठी आणि आईशी कन्नड, अशा दोन्ही भाषा मुलांच्या तोंडी. नवराबायकोचे बिनसले. सून माहेरी निघाली तेव्हा थोरल्याची परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती धाकटीला घेऊन आली. 'आठ दिवसांत येते' म्हणाली. आठाचे पंधरा झाले. मग वडिलांनी थोरल्याला पाठवायचे नाकारले, आणि आईने धाकटीला.

पुढे दोन्हीकडे वकील झाले. बापाने तिकडे दावा घातला, आईने इकडे. बाप म्हणे, मुलांचे घर बालाघाट. आई म्हणे, मुलगी इथे राहते. दावा कुठे चालवायचा यासाठी दिल्लीला अर्ज झाला. एका तारखेला जायचे म्हणजे बालाघाटहून गोंदिया, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर. गोंदिया ते कोल्हापूर तेराशे किलोमीटरच्या वर आहे. एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र त्या गाडीतच जाते. उतरावे तर कळते, आज कामकाज नाही, पुढची तारीख.

या सगळ्यात मुलांचे काय झाले? इकडे धाकटीला शाळेत घालायला नेले तर आधीच्या शाळेचा दाखला हवा, असे सांगण्यात आले. तिकडच्या शाळेने वडिलांची सही मागितली. वडील सही देईनात. सही दिली तर मुलगी तिकडची झाली, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. जूनला शाळा भरली, धाकटी दिवाळीनंतर बसली. तिकडे थोरला रोज संध्याकाळी फोनची वाट बघायचा. सुरुवातीला तो बहिणीला कन्नडमध्ये विचारायचा, 'ऊट आत?' जेवण झाले का, एवढेच. मग फोन आठवड्याने होऊ लागले. मग 'आमच्या वकिलांनी फोन करू नका म्हणून सांगितलंय' असे एका बाजूने निरोप आले, आणि दुसऱ्या बाजूनेही तसेच.

दोन वर्षांनी समेटाच्या बैठकीत भावंडे समोरासमोर आली. त्याची कन्नड गेली होती, हिंदी आली होती. तिची मराठी अडखळत होती, कन्नड पक्की झाली होती. दोघे एका मोबाईलवर खेळ बघत बसली, बोलली थोडीच. शेवटी थकून दोन्ही घरांनी लिहून दिले : ज्याच्याकडे जे मूल आहे ते तिथेच राहू दे, आता रुळली आहेत. खरे म्हणजे हा निकाल कोणत्याच न्यायालयाने दिला नव्हता. तो मधल्या दोन वर्षांनी दिला.

कोणी म्हणेल, कायदा नाही का? आहे. आणि तो वाचला तर वाटते, लिहिणाऱ्याला मुलाची काळजी होती. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा म्हणतो की मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मूल जिथे साधारणपणे राहते तिथल्या न्यायालयात करावा. आईचा पत्ता नाही, बापाचा नाही, मुलाचा पत्ता. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो, मुलाचे हित सर्वांत वर. आणि पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे असावे. गोव्याच्या एका प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एवढ्या लहान मुलासाठी आईने आपली लायकी सिद्ध करायची नसते. आईकडे मूल का देऊ नये हे बापाने सिद्ध करायचे.

मग अडते कुठे? अडते 'साधारणपणे राहते' या दोन शब्दांत. मूल चार वर्षे बालाघाटला होते आणि चार महिने निपाणीला आहे, तर त्याचा पत्ता कोणता? २०११ मध्ये अमेरिकेहून दिल्लीला आणलेल्या एका मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की याचे उत्तर त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थिती बघूनच द्यावे लागते. न्याय म्हणून ते बरोबरच आहे. पण भांडणाऱ्या आईबापांना त्यातून एक वेगळाच धडा मिळतो. मूल आधी उचलून आणा, वेळ काढा, शाळेत घाला. वस्तुस्थिती आपोआप आपल्या बाजूची होईल.

पोलिसांकडे गेले तर 'हा घरचा मामला आहे' हे उत्तर ठरलेले. त्याला थोडे कारणही आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमरावतीच्या एका प्रकरणात म्हटले की बाप हा नैसर्गिक पालक आहे. न्यायालयाचा मनाई हुकूम नसताना त्याने मूल आईकडून नेले तर ते अपहरण होत नाही. म्हणजे हुकूम हाती नसेल तर पोलीस फारसे काही करू शकत नाहीत. आणि हुकूम मिळवायचा तर आधी कुठले न्यायालय हे ठरायला हवे. बसलोच परत दिल्लीच्या वाटेवर.

बालकल्याण समितीचे काय, असे एका वाचक भगिनीने मागे विचारले होते. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असावी असे २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो. बालाघाटचे एखादे मूल हरवून कोल्हापूर स्टेशनवर उतरले, तर त्या मुलासाठी या कायद्यात सगळी वाट आखून दिलेली आहे. इथली समिती तिकडच्या समितीशी बोलते, मूल त्याच्या जिल्ह्यात पाठवण्याचा हुकूम काढते, आणि हुकूम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पोलिसांनी ते पोहोचवायचे असते; मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस. पण आईबापांमधल्या ताब्याच्या वादाचा निकाल समितीने द्यायचा नसतो. ते न्यायालयाचे काम. म्हणजे बघा, ज्याला त्या घडीला कोणीच नाही त्या मुलाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला नियम आहे. ज्याला आई आहे, बाप आहे, दोन्हीकडे आजीआजोबा आहेत, त्याच्यासाठी दोन राज्यांनी एकमेकांशी बोलायचा नियम नाही. हरवलेल्या मुलाचा शोध घेतात. वाटून घेतलेल्या मुलाचा कोण घेणार?

इतर देशांत काय करतात हे बघण्यासारखे आहे. अमेरिकेतही पन्नास राज्ये, प्रत्येकाची न्यायालये वेगळी. तिथेही आईबाप मुलाला घेऊन एका राज्यातून दुसऱ्यात पळत, आणि दोन राज्ये दोन हुकूम देत. शेवटी १९८० मध्ये त्यांनी देशासाठी एक कायदा केला आणि १९९७ मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला, जो बहुतेक सर्व राज्यांनी स्वीकारला. त्याचे सूत्र सोपे आहे. दावा घालण्यापूर्वी मूल सलग सहा महिने जिथे राहिले ते त्याचे 'घरचे राज्य'. मूल तिथून उचलून नेले तरी मागे राहिलेला पालक सहा महिन्यांच्या आत तिथेच दावा घालू शकतो. एका राज्याचा हुकूम दुसऱ्याने पाळायचा. उचलून नेण्याचा फायदाच काढून घेतला.

आपल्याकडे असा नियम करायला कोणती अडचण आहे? दोन राज्ये भाषेवरून, पाण्यावरून, गावांवरून भांडोत. मुलाच्या पत्त्यावरून भांडण्यात कोणालाच रस नाही. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये मुलांच्या ताब्याविषयी २५७ वा अहवाल दिला. दोन्ही पालकांचा संयुक्त ताबा, भेटीचे नियम, समेटाचा मार्ग, हे सगळे त्यात आहे. त्याचा कायदा झालेला नाही.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. जे आज आहे त्यातूनही बरेच होते, आणि ते माहीत नसल्यामुळेच आपल्या बायका आणि मुले जास्त सोसतात. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला राज्यातल्या राज्यात किंवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणाने, सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. त्या धाकटीचे पाच महिने या एका कलमाने वाचले असते.

दुसरी, तात्पुरता हुकूम. घरात छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती स्त्री जिथे राहते, मग ते तात्पुरते का असेना, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. त्या कायद्याखालचा हुकूम देशभर चालतो, राज्याची सीमा आड येत नाही.

तिसरी, फोन. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याच्याकडे मूल नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलण्याचा हक्क असावा, शक्यतो व्हिडिओ कॉलवर. आणि आईबाप वेगवेगळ्या राज्यांत असतील तेव्हा तर याची गरज जास्तच. दावा कुठेही चालो, पहिल्याच तारखेला हे मागून घ्या. आणि भावंडे वेगळी झाली असतील तर त्यांच्या बोलण्याची वेळही त्यात लिहून घ्या. आईचा हक्क, बापाचा हक्क असे सगळे बोलतात; भावाला बहीण हवी असते, हे अर्जात लिहायचे कोणाला सुचत नाही.

चौथी, मदत. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळू शकतो, अगदी सर्वोच्च न्यायालयातल्या अर्जासाठीही. विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी १५१००, मुलांसाठीचा १०९८. व्हिडिओवरून सुनावणीबद्दल न्यायालयांचे मत बदलत गेले आहे. मार्च २०१७ मध्ये जबलपूरहून हैदराबादला दावा हलवण्याच्या अर्जात सर्वोच्च न्यायालयाने तिला पसंती दिली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मताने तिला आवर घातला. कौटुंबिक भांडणात माणसे समोरासमोर बसली तर समेट होतो, असे त्यांचे म्हणणे. तेही खोटे नाही. पण २०२० नंतर व्हिडिओ सुनावणी बरीच रुळली आहे. तारीख फक्त तारीख असेल तर व्हिडिओवर मागून बघायला काय हरकत आहे? समेटाच्या बैठकीला मात्र गाडी पकडून जा, आणि मुलांनाही भेटू द्या.

राहता राहिलो आपण, म्हणजे आजी, आजोबा, मामा, काका. पोरीची बाजू घ्यायची, पोराची बाजू घ्यायची, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. 'पाठवू नकोस, एकदा गेलं की परत येणार नाही' हे वाक्य मी दोन्हीकडच्या घरांत, दोन्ही भाषांत ऐकले आहे. बोलणाऱ्याचा जीव मुलावरच असतो. पण दाव्याचा कागद तयार होण्याआधीचे जे पहिले पंधरा दिवस असतात, त्यात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून एक साधा कागद करावा : मूल या वर्षी कोणत्या शाळेत, फोन किती वाजता, मेची सुट्टी कोणाकडे, भावंडे एकत्र किती दिवस. त्यावर 'याने कोणाचाही कायदेशीर हक्क जात नाही' असे एक वाक्य वकिलांकडून घालून घ्यावे, म्हणजे सही करायला कोणी घाबरणार नाही. नवराबायकोचे काय व्हायचे ते होवो, वर्षे लागोत. मुलाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि ते कोणासाठी थांबत नाही.

कोणाच्या घरात आज असा प्रसंग असेल तर संध्याकाळी दिवेलागणीला एवढेच करा. पलीकडच्या घरी फोन लावा, मुलाच्या हातात द्या, आणि आपण खोलीबाहेर जा. त्याला कन्नडमध्ये बोलू दे, मराठीत बोलू दे, नाहीतर हिंदीत. ते काय बोलले, हे नंतर विचारू नका.